पंप-नोझल वाढवले आणि प्रेशर गेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निगडीची ट्रान्सपोर्ट नगरी ते चाकण या पट्ट्यात गाड्यांना तोटा नाही आणि गाडीत काहीतरी 'वाढवून' घेणाऱ्या मालकांनाही नाही. कोणी मोठे नोझल (इंजेक्टरचं डिझेल फवारणारं टोक) टाकतं, कोणी मोठा पंप, कोणी जादा फिल्टर नाहीतर इलेक्ट्रिक फीड पंप (टाकीतलं डिझेल पुढे ढकलणारा) बसवतं. आठ दिवसांनी फोन येतो, "मेस्त्री, गाडी चढाला दम तोडतेय." फोनवर रोज तेच ते सांगून घसा बसतो, म्हणून इथे लिहून ठेवलंय. बहुतेक उत्तरं कॉमन रेल गाड्यांची आहेत, म्हणजे ज्यांत पंप डिझेल एका जाड नळीत (रेलमध्ये) दाबून ठेवतो आणि सगळे इंजेक्टर तिथून घेतात. जुन्या मायको पंपाच्या गाड्यांचा प्रश्न पुढे वेगळा घेतलाय.

काम केल्यावरच प्रेशर गेलं, म्हणजे नवीन पार्ट खराब निघाला ना?

क्वचित. आधी जिथे जिथे पाना लागला, तिथे बघा. गाडी कालपर्यंत चालत होती आणि काम झाल्यावर बिघडली, तर दोष बहुतेक वेळा उघडलेल्या जोडात असतो: क्लँप, बॅन्जो बोल्ट (पोकळ बोल्ट, ज्यातून डिझेल जातं), ओ-रिंग, वायरचा लग, उलटी लागलेली रिटर्न लाइन (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारी नळी).

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलोय. सुरुवातीच्या काळात एका सहाचाकी गाडीला मोठा फिल्टर हेड बसवला आणि बॅन्जोचे तांब्याचे वायसर जुनेच ठेवले. दिसायला ठीक होते. गाडी सकाळी सुरू व्हायला वेळ घेऊ लागली. मी पंप उतरवला, टेस्ट बेंचवर पाठवला, तो 'ओके' होऊन परत आला. तीन दिवस गेले, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. शेवटी वायसर उजेडात तिरका धरला तेव्हा त्यावर जुन्या बोल्टच्या कडेची वर्तुळाकार खाच दिसली, केसाएवढी. नवीन बोल्टची कड त्या खाचेत बसत नव्हती आणि हवा तिथूनच आत येत होती. तेव्हापासून आमच्याकडे जोड उघडला की वायसर नवा, यावर चर्चा नाही.

प्रेशर म्हणजे नक्की कुठलं? स्कॅनरवाला ३०० सांगतो, गेजवाला ४ सांगतो.

दोघंही बरोबर असतील. डिझेलच्या दोन बाजू असतात. टाकीतली जाळी, वॉटर सेपरेटर, फीड पंप आणि बारीक फिल्टर ही लो साइड. तिथे प्रेशर काही बारमध्ये असतं आणि फीड पंपाच्या आधीच्या ओढीच्या भागात तर उलट व्हॅक्यूम असतो. हाय प्रेशर पंपापासून रेल आणि इंजेक्टरपर्यंत हाय साइड. आयडलला रेलमध्ये साधारण २५० ते ४०० बार असतात आणि लोडवर हा आकडा इंजिनाप्रमाणे १,६०० बार किंवा त्याहून वर जातो.

आपल्याकडे गेज कधी केजीमध्ये, कधी पीएसआयमध्ये, कधी बारमध्ये मिळतं आणि त्यातून भांडणं होतात. १ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, आणि १ केजी जवळपास १ बारच. लो साइडचा योग्य आकडा प्रत्येक पंपाला वेगळा असतो. ज्या पंपाच्या पाठीवर स्वतःचा गिअर पंप आहे तो टाकीतून ओढून घेतो, ज्याला नाही त्याला मागून ढकलून द्यावं लागतं. शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. पंपाच्या प्लेटवरचा नंबर बघून पुस्तकातला आकडा घ्या.

गेज कुठे लावायचं?

हाय प्रेशर पंपाच्या तोंडाशी, म्हणजे सगळे फिल्टर पार करून डिझेल पंपात शिरतं तिथे. फिल्टरच्या आधी लावलं तर फिल्टर चोक असला तरी आकडा छान दिसतो आणि आपण फसतो.

गेज लावून गाडी उभ्याउभ्या रेस करणं म्हणजे रिकाम्या हमालाचा जोर बघण्यासारखं आहे. लोड पाहिजे. आम्ही लांब नळी लावून गेज विंडस्क्रीनच्या बाहेर वायपरला बांधतो, डिझेलची नळी केबिनमध्ये घेत नाही. मग माल भरलेली गाडी नवले पुलावरून नव्या कात्रज बोगद्याकडच्या चढाला घेतो. एक जण चालवतो, दुसरा गेज आणि स्कॅनर दोन्हीकडे बघतो. ड्रायव्हरने आकड्याकडे बघायचं नाही, त्या रस्त्यावर तर नाहीच.

मग त्या आकड्यांवरून काय कळतं?

इथेच खरी मेख आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

स्कॅनरवर दोन आकडे लावा: मागितलेलं रेल प्रेशर आणि मिळालेलं रेल प्रेशर. बाजूला लो साइडचं गेज. आता चढाला काय होतं ते बघा. लो साइड आधी पडली आणि मागोमाग रेल पडली, तर डिझेल पंपापर्यंत पुरेसं येतच नाहीये. फिल्टर, जाळी, बारीक पाइप, हवा किंवा फीड पंप, यापैकी काहीतरी. लो साइड जागेवर घट्ट आणि तरी रेल पडते, तर पंप कमी पडतोय किंवा डिझेल हाय साइडहून कुठेतरी रिटर्नला पळतंय.

या दुसऱ्या गटातही फरक ओळखता येतो. इंजेक्टर मागे गळत असतील तर त्रास सुरू करताना आणि आयडलला जास्त जाणवतो, कारण तेव्हा पंप हळू फिरतो आणि गळती भरून काढू शकत नाही. पंपाची क्षमताच कमी पडत असेल तर आयडल उत्तम, शहरात उत्तम आणि खंबाटकीच्या मधल्या वळणावर गाडी मरते. चाकणहून कोल्हापूरला लोखंड घेऊन जाणारा एक मालक महिनाभर सांगत होता, "पुण्यात काहीच होत नाही हो, घाटातच भुताटकी आहे." भुताटकी वगैरे काही नव्हती. नोझल मोठे टाकले होते आणि पंप मूळचाच होता.

सेल्फ मारतोय, पण इंजिन पकडत नाही. काय बघू?

सेल्फ मारताना रेलमध्ये किती बार तयार होतात ते स्कॅनरवर बघा. बहुतेक कॉमन रेल इंजिनांना पकडायला साधारण १५० ते २०० बार लागतात. त्याखाली ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजेक्टर उघडतच नाही. ५०-६० वर अडकत असेल तर हवा, फीड किंवा गळती. २५० पर्यंत जाऊनही इंजिन पकडत नसेल तर प्रेशरचा नाद सोडा, क्रँक सेन्सर आणि वायरिंगकडे वळा. बॅटरी मेलेली असेल तर सेल्फ हळू फिरतो आणि प्रेशर बनतच नाही, ही साधी गोष्ट लोक विसरतात.

आणि सलग दोन-दोन मिनिटं सेल्फ मारू नका. बहुतेक हाय प्रेशर पंपांना ग्रीस-ऑइल वेगळं नसतं, आतल्या भागांना डिझेलच वंगण असतं. कोरडा फिरला की आतून खरवडतो आणि तो लोखंडाचा चुरा रेलमधून थेट इंजेक्टरला जातो. पंधरा-वीस सेकंद मारा, थांबा, हँड प्रायमर घट्ट होईपर्यंत दाबा, मग पुन्हा.

हवा धरतेय म्हणता, पण कुठेच डिझेल गळत नाही. मग हवा येते कुठून?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. ओढीच्या बाजूला डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे कोरडा, स्वच्छ दिसणारा जोडच चोर असतो. ओला जोड निदान कबुली तरी देतो.

शोधायची पद्धत अशी. फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक नळी तात्पुरती लावा. गाडी सुरू केल्यावर पहिले काही बुडबुडे येतात, ते मिनिट-दोन मिनिटांत थांबले पाहिजेत. साखरेच्या दाण्याएवढे बुडबुडे रांगेने येतच राहिले तर हवा नळीच्या मागच्या बाजूने, म्हणजे टाकीकडून येतेय. मग स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, गाडीची टाकी सोडून थेट कॅनमधून इंजिन चालवा. बुडबुडे बंद झाले तर दोष टाकी ते नळी या टप्प्यात. एकेक जोड मागे सरकवत जा. काम झालं की पारदर्शक नळी काढायची. ती तशीच ठेवून गाडी पाठवणारे महाभाग आहेत, उन्हाने ती कडक होऊन तडकते आणि मग पुन्हा हवा.

मोठी टाकी बसवली असेल तर आतल्या पिकअप पाइपकडेही बघा. पाइप तळाला टेकला तर गाळ ओढतो, फार वर राहिला तर अर्ध्या टाकीला चढावर हवा खातो. रिटर्नचा पाइप पिकअपच्या अगदी शेजारी सोडला असेल तर फेसाळलेलं गरम डिझेल लगेच परत ओढलं जातं. आणि टाकीच्या झाकणाचं श्वासाचं भोक बुजलेलं असतं कधीकधी: गाडी दम तोडल्यावर झाकण उघडा, 'सूं' आवाज आला आणि गाडी पुन्हा पळू लागली तर खर्च फक्त झाकणाचा.

जोडाला टेफ्लॉन टेप लावली आहे. चालेल ना?

नाही. नळाच्या कामात ठीक आहे. डिझेलमध्ये टेपचे धागे सुटतात आणि पंपावरच्या मीटरिंग युनिटच्या (पंपात किती डिझेल शिरायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) फटीत जाऊन बसतात. गॅल्व्हनाइझ केलेले सांधेही नकोत, डिझेल जस्ताला खातं आणि ते पुढे जाऊन बसतं.

स्कॅनरवर पी००८७ येतो. पी००८८ पण आला होता एकदा.

पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी, पी००८८ म्हणजे जास्त. कोड लक्षण सांगतो, पार्टचं नाव नाही. "००८७ आला म्हणून पंप बदलला" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

पी००८८ अपग्रेडनंतर आला तर दोन गोष्टी बघा. एक, फीड पंप गरजेपेक्षा दणकट लागलाय आणि त्याला रेग्युलेटर-रिटर्न नाही. दोन, मीटरिंग युनिट अडकलंय किंवा त्याची वायर सुटलीय. बॉशच्या बऱ्याच पंपांत मीटरिंग युनिट वीज गेली की पूर्ण उघडं राहतं, म्हणजे वायर निघाली की प्रेशर चढतं. 'वायर काढून बघू' हा प्रयोग म्हणूनच चालू गाडीत करू नये.

प्रेशर फार चढलं की रेलवरची रिलीफ व्हॉल्व्ह उघडते आणि डिझेल रिटर्नला सोडते. एकदा जोरात उघडलेली व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसेलच असं नाही. मग प्रेशर जास्त होतं ते कमी होऊन बसतं आणि ००८८ च्या मागे ००८७ येतो. तुमचं बहुधा हेच झालंय. इंजिन बंद असताना व्हॉल्व्हची रिटर्न नळी काढून बाटलीत सोडा, मग आयडलला ठेवा. तिथून धार लागत असेल तर व्हॉल्व्ह गेली.

इलेक्ट्रिक फीड पंप नवा आहे, तरी प्रेशर वरखाली होतं.

पंप नवा, वायर कसली आहे? जुन्या हॉर्नची बारीक वायर ओढून पंप चालवलेला मी पाहिलाय. पंप चालू असताना मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या प्लसला, दुसरी पंपाच्या प्लसला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर तेवढे व्होल्ट वाटेत मरतायत. तसंच मायनसला करा. अर्थिंगचा लग चासीच्या रंगावर बसवला असेल तर मायनसलाच घोळ सापडेल. रंग खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासा, मग बोल्ट आवळा. आणि पंप रिलेवरून चालवा, थेट स्विचवरून नाही. नाना पेठेतून १२ व्होल्टचा पंप आणून २४ व्होल्टच्या गाडीला लावणारेही भेटतात. तो पंप सुरुवातीला फार छान प्रेशर देतो.

जास्त बारीक फिल्टर लावला तर पंपाचं आयुष्य वाढेल ना?

बारीक फिल्टर चांगलाच, पण जागा चुकली तर गळ्याला फास. फीड पंपाच्या आधी जाडी जाळी आणि वॉटर सेपरेटर, नंतर बारीक फिल्टर. बारीक फिल्टर ओढीच्या बाजूला लावला की पंप रिकामा ओढत बसतो.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या मधल्या भोकातून कॅनने डिझेल ओतायची सवय मोडा. मधलं भोक ही गाळलेली बाजू. तुम्ही ओतलेला कचरा तिथून न गाळता थेट पंपात जातो. कोरडा बसवा, हँड प्रायमरने भरा. वेळ लागतो, लागू द्या.

नोझल मोठे टाकलेत. पंपही मोठा लागेलच का?

किती मोठे यावर आहे. थोडा फरक मूळचा पंप झेलतो. त्यापुढे इंजेक्टर जितकं सोडतात तितकं पंप भरू शकत नाही, आणि वरच्या आरपीएमला मागितलेल्या-मिळालेल्या आकड्यांत दरी पडते. तिथे ईसीयूमध्ये 'प्रेशर वाढवून' देणारा ट्यूनर भेटला तर सावध राहा. जे पंपाकडे नाही ते संगणकात टाइप करून येत नाही.

पण मोठ्या पंपाचे पैसे घालण्याआधी बॅक-लीक चाचणी करा. प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडा, आयडलला ठराविक वेळ चालवा, बाटल्या ओळीने मांडा. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर गुन्हेगार तोच. ज्या इंजिनांत हेडमधून आडवी कनेक्टर नळी इंजेक्टरला भिडते, तिथे इंजेक्टर निर्दोष असूनही बाटली भरते, कारण नळी आणि इंजेक्टर आवळायचा क्रम चुकलेला असतो. आधी इंजेक्टर पूर्ण आवळून मग नळी घुसवली की टोक तिरकं बसतं. क्रम आणि टॉर्क पुस्तकातलाच घ्या, 'हाताच्या अंदाजाने' नको.

माझी गाडी जुनी, मायको इनलाइन पंपाची. नवा फीड पंप लावला तरी ओढत नाही.

ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. दिसायला ती साध्या बॅन्जो बोल्टसारखीच असते, आत स्प्रिंग आणि गोळी. काम करताना ती आणि फीडचा साधा बोल्ट यांची अदलाबदल होते, पोरं घाईत असतात. मग गॅलरीत (पंपाच्या आत डिझेल साठतं त्या जागेत) प्रेशर टिकतच नाही, सगळं डिझेल रिटर्नने टाकीत. या पंपांच्या गॅलरीत साधारण १ ते दीड बार लागतात. बोल्ट काढा, तोंडाने फुंकून बघा. फुंकर आरपार गेली तर तो साधा बोल्ट आहे.

सेन्सर खोटं सांगत असेल तर?

सांगतो कधीकधी. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी फक्त चावी ऑन करून रेल प्रेशर बघा. शून्याच्या आसपास हवं. बहुतेक सेन्सरना ५ व्होल्टची सप्लाय असते आणि शून्य बारला सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या जवळ मिळतो. बंद गाडीत ५० बार दिसले तर सेन्सर किंवा त्याचं अर्थिंग.

कोणता सिलिंडर मारतोय हे बघायला चालू इंजिनात पाइपचा नट सैल करू का?

नाही. नाही. नाही. जुन्या इंजिनांत आमच्या उस्तादांनी आम्हाला हेच शिकवलं होतं, हात सवयीने पान्याकडे जातो, ते मला माहीत आहे. कॉमन रेलमध्ये तिथे हजार-दीड हजार बार असू शकतात. केसाएवढी धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत घालते. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आत मांस सडायला लागतं आणि बोट, कधी हात जातो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच मिनिटाला हॉस्पिटलला जा आणि 'डिझेल प्रेशरने आत गेलंय' असं स्पष्ट सांगा. सिलिंडर शोधायला स्कॅनरवर इंजेक्टर बंद करायची सोय असते. गळती शोधायला पुठ्ठा फिरवा, हात नाही. इंजिन बंद केल्यावरही नट सोडण्याआधी दहा मिनिटं चहा प्या आणि स्कॅनरवर शून्य बघा.

इंजिन ऑइलची लेव्हल वाढलीय. चांगलं की वाईट?

वाईट. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल तर गाडी बंद करा. पंपाची सील किंवा इंजेक्टर आत गळतोय. पातळ ऑइलवर बेअरिंग जातं आणि मग प्रेशरचा खर्च किरकोळ वाटतो.

डिझेलमुळे होत असेल का?

होऊ शकतं. पावसाळ्यात सेपरेटर रोज सोडून बघा, पारदर्शक बाटलीत धरा, पाणी खाली बसतं. २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमच्या आत आहे. पंपाला लागणारं वंगण त्यात कंपन्या ॲडिटिव्हने राखतात, आणि स्वस्त म्हणून कॅनमधून मिळणाऱ्या 'बायोडिझेल'ला किंवा रॉकेलच्या भेसळीला अशी कसली हमी नसते. शिवाय जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिखल असलं तेल सोडवून आणतं आणि नवा फिल्टर दोन दिवसांत बुजतो. आठवड्यात दोन फिल्टर गेले तर टाकी उतरवून धुवा, तिसरा फिल्टर घेऊ नका.

थंडीमुळे सकाळी त्रास होतो का?

पुण्याच्या थंडीत, सहसा नाही. रात्रभर उभी राहिल्यावर त्रास म्हणजे डिझेल टाकीकडे परत उतरतंय. हवेचा प्रश्न पुन्हा वाचा.

आरटीओ, पीयूसीचं काही?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ तपशिलाबाहेरचा बदल करायला मनाई करतं. आरसीवर जे आहे त्यापलीकडे जाण्याआधी आरटीओत विचारा. डिझेल जास्त आणि हवा तेवढीच असली की काळा धूर येतो आणि पीयूसीला गाडी अडते. बीएस-६ गाडीत तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बुजतो आणि कंपनीची वॉरंटीही हातची जाते. अशा गाड्यांचं नोझल वाढवायचं काम आम्ही घेत नाही.

गाडी तुमच्याकडे आणताना काय आणू?

काढलेले जुने पार्ट, सगळे. भंगारात देऊ नका. जुना पंप, नोझल, तो बॅन्जो बोल्टसुद्धा. बिलं असतील तर बिलं. आणि आधीच्या मेस्त्रीने काय-काय उघडलं ते ड्रायव्हरला विचारून कागदावर लिहा, लपवू नका, आम्ही कोणाला नावं ठेवत नाही. टाकी निदान अर्धी भरलेली आणा आणि जमलं तर माल भरूनच या, म्हणजे पहिल्याच दिवशी बोगद्याच्या चढाला जाऊन येता येईल.